एका प्रतीचा छापखाना

छापखाना म्हटला कीं एका मजकुराच्या शेंकडों प्रती, ही कल्पना आपल्या मनांत इतकी दृढ झालेली असते कीं, एका गिऱ्हाइकासाठीं एकच प्रत छापणारा छापखाना असूं शकेल, हें ऐकून प्रथम थोडें हसूंच येतें. खिळे जुळवावयाचे, फर्मा यंत्रावर चढवावयाचा, शाई ठीक बसेपर्यंत कागद वायां घालवावयाचे, आणि एवढा खटाटोप करून काढावयाची ती एकच प्रत! जुन्या काळच्या कोणत्याही मुद्रकानें असल्या गिऱ्हाइकास नमस्कार करून वाटेस लावलें असतें. परंतु गेल्या तीस वर्षांत छपाईच्या धंद्यांत जें स्थित्यंतर झालें, त्यामुळें ही गोष्ट आतां नित्याची झाली आहे. ऑनलाइन मागविलेलें एखादें पुस्तक टपालानें आपल्या घरीं येतें, तेव्हां आपण मागणी नोंदविली त्या दिवशीं त्याची ती प्रत जगांत कोठेंही अस्तित्वांत नव्हती, असेंही पुष्कळदां घडतें. हा प्रकार काय आहे हें आमच्या विद्यार्थी वाचकांस समजावून द्यावें, आणि असा छापखाना गांवच्या पुस्तकांच्या दुकानांत बसविण्याचा जो एक मोठा प्रयोग अमेरिकेंत झाला त्याची हकीकत सांगावी, असा आमचा विचार आहे. त्या प्रयोगांत छोट्या दुकानदाराची गांठ बलाढ्य ऑनलाइन विक्रेत्याशीं पडली होती. आणि जिंकलें कोण, असें कोणी विचारल्यास एका शब्दांत उत्तर देतां येण्यासारखें नाहीं.

प्रथम हिशेब पाहूं; कारण या विषयाचें मर्म हिशेबांतच आहे. नेहमींच्या ऑफसेट छपाईंत प्लेटा तयार करणें, यंत्र जुळविणें, कागद खर्ची घालून रंग व दाब ठीक करणें, हा सारा खर्च पहिली चांगली प्रत हातीं येण्यापूर्वींच होऊन बसतो. पुढें दर प्रतीस कागद, शाई व बांधणी एवढाच काय तो खर्च. डिजिटल छपाईंत प्लेटा नाहींत. संगणकांतील पानें सरळ कागदावर उतरतात. त्यामुळें पूर्वतयारीचा खर्च जवळजवळ नाहीं, पण दर प्रतीचा खर्च अधिक. समजण्यासाठीं पुढील आंकडे धरावे. ते आम्हीं केवळ उदाहरणाकरितां कल्पिलेले आहेत. ऑफसेटची पूर्वतयारी २०,००० रुपये व दर प्रतीस ४० रुपये. डिजिटलची पूर्वतयारी शून्य व दर प्रतीस १२० रुपये. शंभर प्रती काढावयाच्या तर पहिल्या रीतीनें २४,००० रुपये लागतील, दुसरीनें १२,०००. हजार प्रतींस पहिल्या रीतीनें ६०,००० व दुसरीनें १,२०,०००. दोन्ही खर्च सारखे कोठें होतात, हें बीजगणित शिकणाऱ्या मुलांनीं समीकरण मांडून काढावें. उत्तर २५० प्रती असें येईल. म्हणजे ज्या पुस्तकाला २५० हून कमी गिऱ्हाइकें आहेत, त्याला या उदाहरणापुरती तरी नव्या रीतीवांचून गति नाहीं. आणि प्रसिद्धीचा पहिला भर ओसरला म्हणजे किती तरी चांगलीं पुस्तकें याच वर्गांत येऊन पडतात.

या हिशेबाला दुसरी एक बाजू आहे, ती गुदामाची. हजार प्रती छापल्या व सहाशें खपल्या, तर उरलेल्या चारशें कोठें ठेवावयाच्या? अमेरिकेंत १९३० नंतरच्या आर्थिक मंदीपासून अशी वहिवाट पडली आहे कीं, न खपलेलीं पुस्तकें दुकानदारानें प्रकाशकाकडे परत पाठवावीं व प्रकाशकानें त्यांचे पैसे वळते करून द्यावे. मंदींत दुकानदारांनीं माल ठेवावा म्हणून दाखविलेली ही लालूच पुढें कायमची होऊन बसली. पुस्तकें दुकानीं जावयाचीं, कांहीं महिने फळीवर राहावयाचीं, आणि जशींच्या तशीं परत यावयाचीं. परत आलेल्यांपैकीं पुष्कळांचा शेवट लगदा होण्यांत व्हावयाचा. जें पुस्तक विकलें गेल्यावरच छापलें जातें, त्याच्यावर हा प्रसंग येत नाहीं. विक्री आधीं आणि छपाई मागाहून, असा हा उलटा क्रम आहे. आणि मागणीबरहुकूम छपाई म्हणतात ती हीच.

हा क्रम मोठ्या प्रमाणावर बसविला तो घाऊक व्यापाऱ्यांनीं. टेनेसी राज्यांत ला व्हर्न या गांवीं इंग्रॅम नांवाच्या घाऊक पेढीनें १९९७ सालीं त्यासाठीं एक स्वतंत्र छापखाना काढला. तोच पुढें 'लाइटनिंग सोर्स' या नांवानें प्रसिद्धीस आला. त्यापूर्वीं दोन वर्षें, १९९५ च्या जुलैंत, अ‍ॅमेझॉनचें दुकान संगणकाच्या पडद्यावर उघडलेलें होतें. पडद्यावरच्या दुकानाला भिंती नसतात. त्यामुळें तेथें कितीही पुस्तकें मावतात, आणि ज्याची एकही प्रत तयार नाहीं तें पुस्तकही 'उपलब्ध' म्हणून मांडतां येतें. एकप्रती छपाई व ऑनलाइन विक्री यांची सोयरीक येणेंप्रमाणें जुळली. २००५ सालीं अ‍ॅमेझॉननें बुकसर्ज ही छपाईची कंपनी विकत घेतली. २००८ सालीं तिनें लहान प्रकाशकांस कळविलें कीं, मागणीबरहुकूम छापावयाचीं तुमचीं पुस्तकें आम्हीं थेट विकावीं अशी तुमची इच्छा असेल, तर तीं आमच्याच छापखान्यांत छापलीं पाहिजेत. यावर मेन राज्यांतील बुकलॉकर या लहान कंपनीनें न्यायालयांत फिर्याद लावली. तो दावा २०१० सालीं आपसांत मिटला. दुकान ज्याचें, यादी त्याची, आणि आतां छापखानाही त्याचाच, असें झाल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानदाराला काय उरतें, ही चिंता त्या काळीं अनेकांना लागली होती.

तोच छापखाना उचलून त्या कोपऱ्यावरच्या दुकानांत नेऊन बसवावा, ही कल्पना ज्यांनीं नेटानें चालविली ते जेसन एप्स्टाइन (१९२८–२०२२) कोणी यंत्रशास्त्रज्ञ नव्हते. त्यांचें सारें आयुष्य न्यू यॉर्क येथें पुस्तकें प्रकाशित करण्यांत गेलें. १९५३ सालीं त्यांनीं 'अँकर बुक्स' ही माला काढून गंभीर विषयांवरील ग्रंथ कागदी बांधणींत, विद्यार्थ्यांस परवडतील अशा किंमतींत आणले; १९६३ सालीं निघालेल्या 'न्यू यॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स' या नियतकालिकाच्या संस्थापकांतही ते होते. पुढें १९८९ मध्यें त्यांनीं 'द रीडर्स कॅटलॉग' नांवाची एक जाडजूड यादी प्रसिद्ध केली. तींत ४०,००० हून अधिक पुस्तकांचीं नांवें होतीं, आणि त्यांपैकीं हवें तें वाचकानें घरबसल्या मागवावें अशी योजना होती. संगणकावांचून चालविलेलें अ‍ॅमेझॉनच म्हणाना तें! पण एकेक पुस्तक शोधून, बांधून, टपालांत टाकावयाचें म्हणजे खर्च मिळकतीच्या पुढें जाऊं लागला, आणि योजना किफायतशीर ठरली नाहीं. कागदाचें ओझें देशभर हिंडविण्यापेक्षां मजकूर तारेवरून पाठवावा व पुस्तक वाचकाच्या जवळ तयार व्हावें, या विचारावर पुढें त्यांचा सर्व भर राहिला. सेंट लुइस येथील जेफ मार्श यांनीं तयार केलेलें एक यंत्र त्यांच्या पाहण्यांत आलें. मग डेन नेलर यांच्यासह त्यांनीं 'ऑन डिमांड बुक्स' ही कंपनी स्थापिली, आणि यंत्राला नांव दिलें 'एस्प्रेसो बुक मशीन'. गिऱ्हाईक समोर उभें असतां त्याच्यापुरती तेव्हांच काढून देतात त्या कॉफीवरून हें नांव घेतलेलें आहे. पहिलें यंत्र २००६ सालीं वॉशिंग्टन येथें जागतिक बँकेच्या पुस्तकांच्या दुकानांत बसलें.

तें यंत्र होतें कसें? कॉलेजाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांतील यंत्र आणि बायंडरचें सर्व सामान एकाच कांचेच्या पेटींत कोंबलें आहे, अशी कल्पना करावी. संगणकांत पुस्तकाच्या दोन फायली असावयाच्या, एक आंतल्या पानांची व दुसरी मुखपृष्ठाची. हुकूम मिळतांच एक छपाईयंत्र काळ्या शाईंत, कागदाच्या दोन्ही अंगांनीं, भराभर पानें छापूं लागे. दुसरें तेवढ्यांत जाड कागदावर रंगीत मुखपृष्ठ काढी. पानांचा गठ्ठा एकत्र झाला कीं यंत्राचा चिमटा त्याला घट्ट धरी, त्याची पाठ खरवडून खरखरीत करी, म्हणजे गोंद धरावा. मग वितळलेला कढत गोंद पाठीला लागे, तिच्यावर मुखपृष्ठ बसे व दोन्ही बाजूंनीं वळे. शेवटीं पात्याखालीं तिन्ही कडा छाटल्या जाऊन पुस्तक एका पन्हळींतून बाहेर घरंगळे. तीनशें पानांच्या पुस्तकाला चारपांच मिनिटें पुरत. पुस्तक हातांत घेतलें म्हणजे गोंदामुळें तें कोमट लागे. तव्यावरून उतरलेल्या भाकरीची आठवण आमच्या वाचकांस येथें खचित होईल. पेटीच्या बाजू पारदर्शक ठेविल्या होत्या, त्या गंमत दिसावी म्हणूनच. आणि मुलेंच काय, त्यांचे आईबापही तोंड उघडें टाकून पाहत उभे राहत, यांत नवल नाहीं.

२००८ सालीं व्हरमाँट राज्यांतील मँचेस्टर सेंटर या लहानशा गांवीं नॉर्थशायर बुकस्टोअर या स्वतंत्र दुकानांत हें यंत्र आलें. लंडनला ब्लॅकवेल यांच्या चेअरिंग क्रॉस रोडवरील दुकानांत तें २००९ च्या वसंतांत बसलें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत मॅसॅच्युसेट्स राज्यांतील केंब्रिज शहरीं हार्वर्ड बुक स्टोअरनें तें घेतलें. हें दुकान १९३२ पासूनचें. नांवांत हार्वर्ड असलें तरी विद्यापीठाशीं त्याचा संबंध नाहीं. यंत्राचें बारसें करण्यासाठीं दुकानानें लोकांकडून नांवें मागविलीं, आणि 'पेज एम्. गुटेनबॉर्ग' हें नांव पसंत केलें. मुद्रणकलेचा जनक गुटेनबर्ग व इंग्रजींतील पानाचा शब्द यांवर केलेला हा विनोद आहे. वॉशिंग्टनच्या 'पॉलिटिक्स अँड प्रोज' या दुकानानें २०११ सालीं आपल्या यंत्राचें नांव 'ओपस' ठेविलें. यंत्राला नांव देणें हा पोरखेळ आहे असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. आपल्या गोठ्यांतील बैलाला नांव असतें, भाड्याच्या मोटारीला नसतें. दुकानदार तें यंत्र आपल्या घरचें मानीत होते, एवढें यावरून दिसतें.

केंब्रिज येथें यंत्र आलें त्याच महिन्यांत गूगलनें ऑन डिमांड बुक्स कंपनीशीं करार करून ग्रंथालयांतून चित्रित केलेलीं २० लाखांहून अधिक जुनीं पुस्तकें या यंत्रांना खुलीं करून दिलीं. त्यांवरील लेखकहक्काची मुदत संपलेली होती. अमेरिकेंत त्या वेळीं १९२३ पूर्वीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांस ती मोकळीक होती. केवढी संपत्ति ही! एखाद्या खेड्यांतील दुकानांत चार हजार पुस्तकें असावीं, आणि कोपऱ्यांतल्या पेटींत वीस लाख. कागदोपत्रीं अ‍ॅमेझॉनची बरोबरी झाली, किंबहुना वेळेच्या बाबतींत तिच्यावर ताण झाली. कारण पेटींतलें पुस्तक मिळण्यास टपालाची वाट पाहावयाची नव्हती.

पण लोकांनीं त्या यंत्रावर छापलें काय? येथें आमच्या मतें या हकीकतीचा गाभा आहे. वीस लाखांचें भांडार उघडें असतां गिऱ्हाइकें त्याकडे थोडींच वळलीं. ज्याला एखादें दुर्मिळ पुस्तक हवें आहे त्याला तें आहे हें आधीं ठाऊक असावें लागतें. आणि ज्याला नवें गाजलेलें पुस्तक हवें, त्याला तें यंत्रांत मिळत नव्हतें, कारण मोठे प्रकाशक आपलीं चालतीं पुस्तकें या पेटींत घालण्यास नाखूष होते. हार्परकॉलिन्सनें २०११ सालीं आपलीं सुमारें ५,००० पुस्तकें देऊं केलीं, तीही बव्हंशीं जुन्या यादींतलीं. अशा स्थितींत पुष्कळ दुकानांत यंत्राकडे अधिकाधिक येऊं लागले ते वाचक नव्हेत, तर लेखक. कोणी आपल्या आजोबांच्या आठवणी घेऊन आला, कोणी गांवाचा इतिहास, कोणी कुटुंबांतील पाककृति, कोणी चाळीस वर्षें पेटींत ठेविलेल्या कविता. वीस प्रती, तीस प्रती, नातेवाइकांत वांटण्यापुरत्या. नॉर्थशायरसारख्या दुकानांत गांवचींच माणसें लिहिणारीं व गांवचींच वाचणारीं, असें होऊं लागलें. असल्या मनुष्याला ऑनलाइन कंपनी छापून देत नाहीं असें नाहीं; पण हस्तलिखित पाहून "समास थोडा वाढवा, नाहींतर बांधणींत अक्षरें जातील," असें समोर बसून सांगणारें माणूस तेथें भेटत नाहीं.

एवढें असूनही यंत्र टिकलें नाहीं. त्याची किंमत सुमारें एक लाख डॉलर होती. समजा, दर प्रतीमागें दुकानास पांच डॉलर सुटले, तर किंमत वसूल होण्यास वीस हजार प्रती छापाव्या लागतील. रोज वीस प्रमाणें वर्षाचे तीनशें दिवस यंत्र चाललें तरी तीन वर्षें व वर चार महिने. यांत यंत्रापाशीं बसणाऱ्या माणसाचा पगार, दुरुस्ती आणि जागेचें भाडें धरलेलें नाहीं. ला व्हर्नसारख्या कारखान्यांत यंत्रें अखंड चालतात व बिघडलेलें सुधारणारा कारागीर हातापाशीं असतो. दुकानांत यंत्र एकच. तें अडलें कीं सगळेंच अडलें. शिवाय निवांत दुकानांत दिवसाचा बराच वेळ तें नुसतें उभें राहावयाचें. पुढल्या काळांत बहुतेक दुकानांतून हें यंत्र हलविण्यांत आलें. मागणीबरहुकूम छपाई मात्र कारखान्यांतून जोरांत चालूं आहे.

यंत्राच्या अंगच्या गुणदोषांइतकाच देशाचा कायदाही येथें कसा महत्त्वाचा ठरतो, हें पाहण्यास पॅरिसचें उदाहरण घ्यावें. प्रेस युनिव्हर्सितेर द फ्रान्स ही १९२१ सालीं स्थापन झालेली विद्वन्मान्य प्रकाशनसंस्था. सॉर्बनच्या चौकांतील तिचें जुनें दुकान बंद पडलें होतें. २०१६ च्या मार्चांत तिनें जवळच, सुमारें ७२ चौरस मीटरच्या चिमुकल्या जागेंत, नवें दुकान थाटलें, आणि तेथें हें एस्प्रेसो यंत्र ठेविलें. गुदाम नाहीं, परत पाठवावयाचीं पुस्तकें नाहींत. गिऱ्हाइकानें पुस्तक निवडावें व कॉफी घेत बसावें. मोठ्या भाड्यामुळें ज्या पेठेंतून पुस्तकांचीं दुकानें उठत होतीं, त्या पेठेंत थोडक्या जागेंत परत येण्याचा मार्ग यंत्रानें दिला. पण त्याच्या पाठीशीं दुसरेंही एक बळ होतें. फ्रान्समध्यें १९८१ च्या कायद्यान्वयें नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवितो, आणि कोणाही विक्रेत्यास तींत शेंकडा पांचाहून अधिक सूट देतां येत नाहीं. २०२३ च्या ऑक्टोबरापासून तर ३५ युरोंच्या आंतील ऑनलाइन खरेदीवर निदान ३ युरो टपालखर्च घेणें सक्तीचें झालें आहे. अमेरिकेंत असा निर्बंध नाहीं. तेथें ऑनलाइन विक्रेता तेंच पुस्तक इतकें स्वस्त देऊं शकतो कीं, दुकानांत पुस्तक चाळावयाचें व घरीं जाऊन दुसरीकडून मागवावयाचें, ही संवय लोकांना लागली. ही संवय आपल्याकडेही अपरिचित राहिलेली नाहीं, हें पालकवर्गास सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आपल्याकडे मागणीबरहुकूम छपाई करून देणाऱ्या संस्था आहेत. बंगळूर येथें २००८ सालीं निघालेल्या एका संस्थेचें तर नांवच 'पोथी' असें आहे. पण मराठीपुरता खरा उपयोग कोठें, हें वरील २५० प्रतींच्या हिशेबानें ठरवावें. भारतांत लेखकाच्या मृत्यूनंतर, त्या वर्षाच्या अखेरीपासून ६० वर्षेंपर्यंत हक्क राहतो. साने गुरुजी १९५० सालीं वारले. म्हणून २०११ च्या आरंभापासून त्यांचीं पुस्तकें कोणीही छापूं शकतो, आणि अनेकजण छापतातही. 'श्यामची आई' हजारोंनीं खपते. तिला एकप्रती छपाईची गरज नाहीं. उलट बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांचें उदाहरण पाहा. 'यमुनापर्यटन' (१८५७) तेवढें अभ्यासकांच्या तोंडीं आहे. त्यांच्या इतर पुष्कळ लहानमोठ्या पुस्तकांस एका गांवांत चार वाचक मिळाले तरी भाग्य. एखाद्या शाळेच्या ग्रंथालयानें किंवा दुकानदारानें त्यांपैकीं एकाच्या चार प्रती काढविल्या, तर आमच्या कल्पित दरानें ४८० रुपये पडतील, आणि गुदामांत एकही प्रत पडून राहणार नाहीं. मात्र दुसऱ्या कोणी अलीकडे लिहिलेली प्रस्तावना अथवा टीपा जोडलेल्या असल्या, तर त्यांचा हक्क निराळा. तेवढीं पानें वगळावीं.

दुसरी काळजी पानांची. जुन्या मराठी पुस्तकांचीं चित्रित पानें जशींच्या तशीं छापलीं, तर जुने खिळे, जुनें शुद्धलेखन सर्व कायम राहतें, हा मोठा लाभ. पण चित्रण घाईंत झालेलें असलें म्हणजे कोठें पान उलटणाऱ्याचीं बोटें उमटलेलीं असतात, कोठें घडीचा नकाशा न उलगडतां तसाच घेतलेला असतो, कोठें दोन पानें एकदम उलटल्यामुळें मधला मजकूरच नसतो. तेव्हां छापण्यास देण्यापूर्वीं पृष्ठांक पहिल्यापासून शेवटपर्यंत ताडून पाहावे, आणि गहाळ पान दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयाच्या प्रतींतून मिळवावें. वरच्या वर्गांतील दोन मुलें एकत्र बसलीं, एकानें अंक वाचला व दुसऱ्यानें खूण केली, तर दोनशें पानांचें पुस्तक एका तासिकेंत तपासून होतें.